विहिरीला परत दिलेले पाणी

पाणी गाळण्याचे वस्त्र दुपदरी असावे, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. त्यापुढचा विधी मात्र हल्ली विसरला जातो. वस्त्रावर राहिलेली जिवाणी गाळलेल्याच पाण्याने धुऊन, ज्या विहिरीचे पाणी काढले तिच्यातच परत सोडायची असते. तीही वरून ओतून नव्हे, तर तळाला कडी असलेल्या बादलीतून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत अलगद नेऊन. कूपनलिकेच्या पाण्याची जिवाणी कोठे परत करणार? म्हणूनच दिगंबर मुनिराजांच्या आहारासाठी आजही अनेक ठिकाणी विहिरीचेच पाणी आणले जाते.

पण विहीरच आटली तर? अहिल्यानगर, बीड, लातूर, सोलापूर या आपल्या बाजारपेठांच्या पट्ट्यात काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात जे मुरते, तेवढेच विहिरीचे भांडवल. शेजारच्या व्यापारी संकुलाने शेकडो फूट खोल कूपनलिका घेतली, की अनेकदा त्याच भेगांतील पाणी खाली ओढले जाते. गाळणारा श्रावक एक आणि विहीर कोरडी करणारा दुसरा, असेही नाही. पुष्कळदा दोघे एकच असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा संघाच्या इमारती, दुकाने, मंगल कार्यालये साऱ्यांच्याच टाक्या रिकाम्या होत्या.

व्यापाऱ्याला पटेल असा दाखला अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजारचा आहे. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने या गावाने डोंगरउतारावर समतल चर खणले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. पण खरे वेगळेपण जमाखर्चात आहे. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. प्रथम माणसे व जनावरे, मग शेती. आणि शिल्लक पाहून कोणते पीक घ्यायचे ते ठरते. ऊस-केळीसारखी पिके व सिंचनासाठी कूपनलिका गावाने वर्ज्य केल्या. कोणा एकाच्या इच्छेवर हे सोडले असते, तर पहिल्याच कोरड्या वर्षी मोडले असते.

आपल्या पेढीवर रोजमेळ न जुळल्यास रात्री दिवा मालवत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र केवळ नावे टाकत राहतो. हिशेब अवघड नाही. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४६,००० लिटर पाणी होते. गळती-बाष्पीभवन वजा जाता ३५,००० लिटर तरी हाती लागावे, म्हणजे १० हजारी टँकरचे साडेतीन. स्थानक, मंदिर, पाठशाळा यांच्या गच्च्या तर याहून कितीतरी मोठ्या.

अप्कायिक जीवांची विराधना टाळायची म्हणून आपण पाणी मोजून वापरतो आणि निष्कारण सांडलेल्या पाण्याला अनर्थदंड मानतो. हा नियम घरापुरता ठेवून लग्नसमारंभात शॉवर, कारंजी व अर्ध्या भरून टाकलेल्या बाटल्या चालू ठेवणे, हे मला तरी विसंगत वाटते. श्रीसंघाच्या वार्षिक सभेत देणग्यांच्या यादीबरोबर एक ओळ पाण्याचीही वाचली जावी: किती उपसले, किती मुरवले.

चातुर्मास प्रवेशापूर्वी गच्चीची व पन्हळींची सफाई उरकून घ्यावी. पहिल्या एक-दोन सरींचे धुवण बाहेर सोडावे. त्यानंतरचे पाणी वाळू व खडीच्या गाळणीतून संघाच्या जुन्या विहिरीकडे वळवावे, आणि दर पंधरवड्याला दोरी सोडून विहिरीची पातळी फलकावर लिहावी.