टायर फुटतो कशाने?

नागपूरहून समृद्धी महामार्गाला लागलं की शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर सलग पळता येतं. मे महिन्यात टायर फुटला की लोक म्हणतात, हवा जास्त झाली. बहुतेकदा उलटंच असतं. एखादी तार भराभर मागेपुढे वाकवा. वाकते तिथे चटका बसतो. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अशीच दबते, सुटते; ताशी शंभरच्या वेगाला मिनिटाला आठशेहून जास्त वेळा. उष्णता साठते, रबराची आतल्या धाग्यांवरची पकड सुटते. मागे जोडलेल्या छोट्या ट्रेलरची चाकं लहान, म्हणजे फेरे आणखी जास्त. त्यात तो बरेच महिने अंगणात उभा असतो, हवा हळूहळू गेलेली! तापलेला टायर दाब वाढवून दाखवतो, म्हणून हवा सकाळी, निघण्याआधीच तपासायची.