लेंट म्हणजे नेमकं काय? 40 दिवसांचा उपवास, तीन मोह आणि विश्वासाची कसोटी

फेब्रुवारी-मार्चमधल्या एका बुधवारी एखाद्या ख्रिस्ती मित्राच्या कपाळावर राखेचा क्रूस दिसतो. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी स्टेटसवर 'ईस्टरपर्यंत इन्स्टाग्राम बंद' असं झळकतं. कुणी मटण-चिकन सोडतं, कुणी दारू, तर कुणी गोड.

हा असतो लेंट. मराठी ख्रिस्ती लोक त्याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा इच्छाशक्तीचा चॅलेंज वाटू शकतो. पण हा काळ ज्या कथेवर उभा आहे, तिच्यात खरा प्रश्न विचारलाय तो विश्वासाचा.

40 दिवस कसे मोजतात?

पाश्चात्त्य परंपरेत लेंट राखेच्या बुधवारी सुरू होतो. 2026चं उदाहरण घेतलं, तर हा बुधवार 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला येतो. मधले दिवस 46 भरतात. पण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस मानला जातो, त्यामुळे सहा रविवार वजा करून 40 दिवस धरतात.

कपाळावरची राख बहुतेक ठिकाणी आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून बनवतात. गंमत म्हणजे, त्याच दिवशी कॅथलिक चर्चमध्ये वाचला जाणारा मत्तयच्या शुभवर्तमानातला उतारा उपवासाचं प्रदर्शन करू नका, असं सांगतो. चेहरा उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. तुमचा उपवास देवाला कळला म्हणजे पुरे. स्टेटस टाकण्याआधी वाचावा असाच हा उतारा आहे.

कॅथलिक नियमानुसार 18 ते 59 वयाच्या लोकांनी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास करायचा असतो, म्हणजे एकदाच पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं. आजारी लोकांना सूट असते. चर्चच्या नियमांपलीकडे स्वेच्छेने आणखी काय सोडायचं, हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचं. प्रोटेस्टंट पंथांमध्ये बहुतेक ठिकाणी सगळंच ऐच्छिक असतं.

वाळवंटात काय घडलं?

40 हा आकडा येशूच्या उपवासातून आला. बाप्तिस्म्यानंतर येशू यहुदियाच्या वाळवंटात जातो, 40 दिवस काही खात नाही आणि तिथे सैतान त्याला मोहात पाडायला येतो. मत्तय आणि लूक ही कथा सविस्तर सांगतात, मार्क मात्र दोन ओळींत आटोपतो.

पहिला मोह भाकरीचा. तू देवाचा पुत्र असशील, तर या दगडांच्या भाकरी कर. भुकेल्या माणसाने भाकरी खाण्यात पाप ते काय? पुढे हाच येशू पाच हजारांना जेवू घालतो. म्हणजे अडचण भाकरीची नाही. देव पुरवेल यावर न विसंबता आत्ताच्या आत्ता स्वतःची सोय करून घे, असा तो आग्रह आहे. येशू उत्तर देतो ते 'अनुवाद' या ग्रंथातून. त्या ओळीमागे मान्नाची आठवण आहे. इस्राएली लोक 40 वर्षं वाळवंटात असताना त्यांना रोज त्या दिवसापुरतंच अन्न मिळायचं. उद्यासाठी साठवलं तर त्यात किडे पडायचे. अपवाद फक्त शब्बाथच्या आदल्या दिवसाचा. 'उद्याचं उद्या मिळेल' हे त्यांना रोज नव्याने शिकावं लागत होतं.

दुसरा मोह पुराव्याचा. मंदिराच्या टोकावरून उडी मार, देवदूत तुला झेलतील. इथे सैतान चक्क 91व्या स्तोत्रातलं वचन ऐकवतो. म्हणजे संदर्भ तोडलेलं पवित्र वचनसुद्धा मोहाचं हत्यार होऊ शकतं. व्हॉट्सॲपवर 'हे वचन दहा जणांना पाठवा, चमत्कार होईल' असे मेसेज येतात, तेव्हा हा प्रसंग आठवायला हरकत नाही. येशूचं म्हणणं असं की देवाची परीक्षा पाहायची नसते. सारखा पुरावा मागावा लागला, तर तो विश्वास कसला?

तिसरा मोह सत्तेचा. जगातली सगळी राज्यं तुझी, फक्त एकदा माझ्या पाया पड. हा शॉर्टकट आहे. येशू तोही नाकारतो.

(लूकमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मोहाचा क्रम उलटा आहे.)

तिन्ही मोहांमागे एकच कुजबुज ऐकू येते: देव तुझी काळजी घेईल याची खात्री काय? गुड फ्रायडेला तीच पुन्हा ऐकू येते. क्रुसाजवळचे लोक हिणवतात, देवाचा पुत्र असशील तर खाली उतर.

मग देवच मोहात पाडतो का?

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मोहात किंवा परीक्षेत आणू नकोस, अशी विनंती आहे. मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मोस'. त्याचा अर्थ मोह असाही होतो आणि परीक्षा असाही. 2017मध्ये पोप फ्रान्सिस म्हणाले की, देवच मोहात ढकलतो असं वाटायला लावणारं भाषांतर बरोबर नाही. बाप मुलाला पाडत नाही, पडलेल्याला उचलतो. त्याच वर्षी फ्रेंच कॅथलिक चर्चने या ओळीचे शब्द बदलले, 2020मध्ये इटालियन चर्चनेही. बायबलमधलं याकोबाचं पत्रही स्पष्ट सांगतं की देव कुणालाही मोहात पाडत नाही.

उपवास मोडला तर?

ही अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते. दहाव्या दिवशी हात फोनकडे जातो, लग्नाच्या जेवणात मटण ताटात येतं. मग 'आता काय उपयोग' म्हणून सगळंच सोडून दिलं जातं.

अशा वेळी पेत्राची गोष्ट उपयोगी पडते. सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही, असं तो छातीठोकपणे सांगतो. गेथशेमाने बागेत येशू त्याला जागं राहून प्रार्थना करायला सांगतो, तर त्याला झोप लागते. कोंबडा आरवायच्या आत तो येशूला तीनदा नाकारतो आणि मग ढसाढसा रडतो. त्याने भरवसा ठेवला होता स्वतःच्या निर्धारावर. पण त्याची गोष्ट तिथे संपत नाही. पुनरुत्थानानंतर तलावाकाठी येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? आणि आपल्या मेंढरांची जबाबदारी त्याच्याकडेच सोपवतो.

म्हणूनच चर्च लेंटमध्ये उपवासासोबत प्रार्थना आणि दानधर्म जोडायला सांगतं. प्रार्थनेत माणूस आपली ताकद अपुरी असल्याचं कबूल करतो. उपवासातून वाचलेलं गरजूला दिलं की 'मला पुरेल का' ही भीतीही थोडी सैल होते. उपवास मोडलाच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येतो. मान्नासुद्धा रोज सकाळी नव्यानेच गोळा करावा लागायचा.