वारीची वाट आणि वारकऱ्याचे पाय

ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. त्याच्या आदल्या दिवशी देहूहून श्रीतुकोबारायांची पालखी निघालेली असते. टाळ-मृदंगाचा घोष, खांद्यावरच्या पताका, मस्तकावरची तुळशीवृंदावने यांचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे. परंतु ज्यांच्या बळावर ही सारी वाटचाल होते, त्या पायांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे. ते अडीच-तीन आठवड्यांत तुडवायचे असते. उन्हातून, पावसातून, डांबरावरून आणि चिखलातून. देव भेटतो तो भावाने, हे खरेच. पण पंढरीच्या वाटेवर भावाला पायांवाचून चालता येत नाही.

आणि पाहू गेल्यास या सोहळ्यात पायांनाच केवढा मान आहे! पालखीत विराजमान असतात त्या पादुका. नीरा नदीवर स्नान घडते ते पादुकांना. एक वारकरी दुसऱ्या वारकऱ्याला भेटतो तेव्हा दोघेही परस्परांच्या पायांवर मस्तक ठेवतात. तेथे वयाचा, जातीचा वा श्रीमंतीचा प्रश्न येत नाही. ज्या संप्रदायाने पायांना पालखीत बसविले, त्या संप्रदायातील भाविकाने स्वतःच्या पायांची हेळसांड करावी आणि तिला तप म्हणावे, हे कितपत योग्य? यंदा प्रथमच वारीस निघणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या घरातील वडीलधारी माणसे वारीत आहेत त्यांनीही, या प्रश्नाचा विचार करावा म्हणून हे चार शब्द.

पहिले तीन दिवस

तुकोबारायांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या सोहळ्यास आजची शिस्त लावली, असे परंपरा सांगते. त्या काळचा वारकरी शेतात राबणारा, अनवाणी हिंडणारा. त्याचे तळवेच चामड्यासारखे झालेले असत. वाटही मातीची होती. आज कचेरीत खुर्चीवर बसणारा मनुष्य रजा काढून वारीस येतो आणि एकदम डांबरी वा सिमेंटच्या रस्त्यावर पाऊल ठेवतो. पालखीमार्ग रुंद झाल्याने गर्दीची सोय झाली आहे. परंतु दुपारच्या उन्हात तापलेला रस्ता पायांना मातीची माया लावीत नाही.

जाणते वारकरी म्हणतात, पहिले तीन दिवस निभावले की पंढरी आली. त्यात तथ्य आहे. आळंदी ते पुणे हीच मजल नवख्याला थकविते. पुण्यातील मुक्कामानंतर सासवडची मजल येते. ती तीस किलोमीटरांच्या घरातली, आणि मध्ये दिवे घाटाची चढण. त्यातच त्या दिवशी बहुधा एकादशी असते. पोटात उपवासाचे चार घास, डोक्यावर ऊन आणि पायांखाली घाट! माझ्या पहिल्या वारीत सासवडच्या मुक्कामी मी तंबूत शिरलो तो दोन्ही टाचांवर लिंबाएवढे फोड घेऊन. वारीसाठी म्हणून हौसेने नव्या चपला घेतल्या होत्या. दिंडीतील एका आजींनी त्या चपला उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, “माउली, चपला घरी जुन्या करायच्या असतात, वाटेवर नाही.” इतकी नेमकी सूचना मला त्यापूर्वी कोणी दिली नव्हती.

फोड का येतो, आला तर काय करावे

फोड हा घर्षणाचा परिणाम आहे. पाय घामाने वा पावसाने ओला झाला की त्वचा मऊ पडते; चपलेचा पट्टा किंवा मोज्याची चुणी तीच जागा हजारो वेळा घासते; वरची त्वचा खालच्या थरापासून सुटते आणि मध्ये पाणी साचते. म्हणून फोडावरचा खरा उपाय फोड येण्यापूर्वीचा. प्रस्थानाच्या महिनाभर आधीपासून रोज चालण्याचा सराव करावा आणि अंतर हळूहळू वाढवावे. वारीत वापरायची पादत्राणे याच सरावात पायांना सवयीची करून घ्यावीत. नखे सरळ कापावीत, कोपऱ्यांत खोल कोरू नयेत. निघताना टाचेवर व बोटांच्या कडांना खोबरेल वा व्हॅसलीनचे बोट फिरवावे. चालताना एखादी जागा चुरचुरू लागली, की “पुढच्या विसाव्याला पाहू” असे न म्हणता तेथेच कडेला बसून तिच्यावर चिकटपट्टी लावावी. त्या पाच मिनिटांच्या थांबण्याने पुढचे पाच दिवस वाचतात.

फोड आलाच आणि तो लहान असला, तर त्यास फोडू नये. त्यावरची त्वचा हीच निसर्गाने घातलेली पट्टी होय. फोड मोठा, टणक आणि पाऊल टेकू न देणारा असेल, तर पाय साबणाने धुऊन, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बंद पाकिटातील निर्जंतुक सुईने कडेला बारीक छिद्र पाडावे, पाणी हलके दाबून काढावे, वरची त्वचा तशीच राहू द्यावी आणि जंतुनाशक मलम लावून पट्टी बांधावी. सुईत दोरा ओवून तो फोडात ठेवण्याची जुनी रीत अजून दिसते. तिचा मोह टाळावा, कारण त्याच दोऱ्याच्या वाटेने जंतू आत शिरतात. भोवतीची जागा लाल व गरम झाली, पू दिसला वा ताप आला, तर घरगुती उपाय बाजूस ठेवून फिरत्या दवाखान्यातील डॉक्टरांना पाय दाखवावा. असे दवाखाने सोहळ्याबरोबर असतात, आणि तेथे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

पावसाळी वारीचा दुसरा प्रसाद म्हणजे चिखल्या. पाय दिवसभर ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांत त्वचा पांढरी होऊन सोलवटते व खाज सुटते. मुक्कामी पोहोचताच पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या फडक्याने टिपाव्यात; तेथे तेल न लावता बुरशीनाशक पावडर लावावी. टाचांच्या भेगांना मात्र आपले कोकमतेल आजही उपकारक आहे. रात्री किंचित कोमट करून चोळावे. भेगेतून रक्त येत असेल तर आधी जखम धुऊन झाकावी. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर पाय ताणून, पिशवीवर उंच ठेवून पडावे आणि पाण्याची हयगय करू नये. वारीपूर्वीच डॉक्टरांना विचारून धनुर्वाताची लस घेतलेली बरी. वाटेवर काटे, खिळे आणि काचा कोणाचीही ओळख विचारीत नाहीत.

न दुखणारी जखम

पाय दुखतो तो एका अर्थी उपकारच करतो, कारण तो सावध करतो. भय आहे ते न दुखणाऱ्या जखमेचे. ज्यांना पुष्कळ वर्षांचा मधुमेह आहे, त्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते. खडा रुतला, निखाऱ्यासारखा रस्ता लागला, तरी त्यांना समजत नाही.

आमच्या दिंडीत एक शेतकरी काका होते. तीसहून अधिक वाऱ्या झालेल्या. हातात पताका आणि पायांत काही नाही, असा त्यांचा नेम. एका वर्षी फलटण सोडल्यावर त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. त्यांना तो जाणवलाच नाही. रात्री धोतराच्या काठाला रक्त दिसले, तेव्हा त्यांनी पायाला चिंधी गुंडाळली आणि कोणास काही सांगितले नाही. दोन दिवसांनी नातेपुत्याच्या मुक्कामी चिंधीला दुर्गंधी येऊ लागली, म्हणून आम्हाला कळले. पाऊल सुजून काळसर पडले होते. तरीही ते वाहनात बसावयास तयार होईनात. “ट्रकात बसलो तर माझी वारी मोडली,” एवढेच म्हणत राहिले.

शेवटी विणेकरी बुवा त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, “काका, माउलींचे पाय पालखीत बसून पंढरीला चालले आहेत. त्यांची वारी मोडली का? मग तुमचे पाय चार दिवस बसून गेले तर पांडुरंग रागावेल असे का समजता?” काकांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते उठले.

पाय वाचला, पण अंगठ्याशेजारचे बोट गमवावे लागले. त्या वर्षी त्यांना पंढरी दिसली नाही. आम्ही दशमीस चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचलो, तेव्हा त्यांची पताका दुसऱ्याच्या खांद्यावर होती. काटा मोडल्याच्या रात्रीच सांगितले असते, तर जखम धुऊन, दोन-चार दिवस ट्रकात बसून, ते बहुधा आमच्याबरोबरच कळसाचे दर्शन घेते. दुखणे लपविल्याने वारी राखली जात नाही. कित्येकदा त्यानेच ती हातची जाते.

म्हणून मधुमेही वारकऱ्यांनी अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा दुसऱ्यास पाहावयास सांगावे. फोड स्वतः फोडू नये, कुरूप स्वतः कापू नये. पाय शेकताना पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याच्या हाताने पारखावे. एकादशीचा उपवास आणि मधुमेहाच्या गोळ्या यांचा मेळ निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावा.

वाटेवरची अन्य संकटे

पायांखेरीज इतरही विघ्ने येतात. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे आणि दवाखाना गाठावा. राहुट्या शेतांत पडतात. रात्री बाहेर जाताना विजेरीवाचून पाऊल टाकू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे वा आवळून बांधणे सर्वथा वर्ज्य. तो अवयव न हलविता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशा वेळी बोलवावी.

रस्त्यावर दिंडीची ओळ सोडू नये, विशेषतः घाटात. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी कार्तिकी वारीसाठी आळंदीकडे येणाऱ्या संत नामदेव महाराजांच्या दिंडीत दिवे घाटात एक अवजड यंत्रवाहन शिरले आणि वारकऱ्यांचे प्राण गेले. ती आठवण घाट उतरताना प्रत्येकाने मनात जागी ठेवावी.

चुकामूक झाली तर घाबरू नये. आपली दिंडी रथापुढील की रथामागील आणि तिचा क्रमांक कोणता, हाच वारीतला आपला पत्ता. तो पत्ता, घरचा दूरध्वनी क्रमांक आणि चालू असलेली औषधे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावीत. संध्याकाळी मुक्कामाच्या समाज आरतीस चोपदारांनी दंड उंचावताच लाखोंचा घोष क्षणात थांबतो आणि हरवल्या-सापडल्याची वार्ता सर्वांच्या कानी जाते. वारीत मनुष्य वाट चुकतो, पण एकटा पडत नाही.

सेवा करणे आणि सेवा घेणे

गावोगावी लोक वारकऱ्यांचे पाय धुतात, तेल लावून चेपतात. चर्मकार बांधव तुटलेल्या चपला फुकट शिवून देतात. पुष्कळ वारकरी संकोचाने पाय मागे घेतात. तो संकोच सोडावा. ज्यास पंढरीस जाणे जमले नाही, तो तुमच्या पायांच्या रूपाने तेथे पोहोचत असतो. पाय पुढे करणे हीही त्याची सेवाच आहे.

ते शेतकरी काका पुढल्या वर्षी पुन्हा वारीस आले. या वेळी पायांत मऊ, बंद पादत्राणे होती आणि दमले की ते निःसंकोचपणे ट्रकात बसत. मुक्कामी हरिपाठ आटोपला की हाती विजेरी घेऊन ते तंबूतून फिरत आणि एकेकास म्हणत, “माउली, तळवे दाखवा.” कोणी नको म्हणाले तर आपले पाऊल पुढे करून ती रिकामी जागा दाखवीत. मग कोणी नको म्हणत नसे.

पंढरीच्या महाद्वारात नामदेवरायांची पायरी आहे. संतांच्या चरणांची धूळ मस्तकी पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्या पायरीपर्यंत आपले पाय धड पोहोचावेत, म्हणून वाटेवर त्यांची निगा राखणे हाही वारीचा एक नेमच मानावा.