केनेसॉची चढण

अमेरिकेतील अटलांटा शहराच्या वायव्येला, मॅरिएटा गावाजवळ केनेसॉ पर्वत आहे. उंची १८०८ फूट. सह्याद्रीत वाढलेल्याला तो टेकडीच वाटेल. पण १८६४ च्या जूनमध्ये याच टेकडीने यादवी युद्धातल्या एका बलाढ्य फौजेला जवळजवळ दोन आठवडे रोखून धरले. आज तिथे सुमारे २९०० एकरांचे राष्ट्रीय रणभूमी उद्यान आहे. नातवाचा दहावा वाढदिवस आम्ही सगळ्यांनी तिथे साजरा केला. लढाई कशी झाली हे मुलांना पायांनी कळावे, अशी ती जागा आहे.

डोंगराला महत्त्व आले ते रेल्वेमुळे. चॅटानूगाहून अटलांट्याला जाणारा लोहमार्ग याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेच्या राज्यांचा सेनापती विल्यम शर्मन याची सुमारे १ लाखाची फौज त्याच मार्गावरून येणाऱ्या रसदीवर जगत होती. फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचा सेनापती जोसेफ जॉन्स्टन याने डोंगरावर मोर्चे बांधले, तोफा माणसांकरवी ओढून माथ्यावर चढवल्या. मे महिन्यापासून शर्मन शत्रूला बगल देत पुढे सरकत होता. जूनच्या पावसाने रस्त्यांचा चिखल केला, बगल देणे अवघड झाले, आणि २७ जूनला त्याने समोरून हल्ला चढवला. त्या सकाळी उत्तरेचे सुमारे ३००० सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. दक्षिणेची हानी सुमारे १००० ची.

मुलांना घेऊन जायचे तर आधी उद्यानातल्या चीटम टेकडीवर जावे, त्या हल्ल्यातली ही एक जागा, आणि चढण उत्तरेच्या फौजेच्या बाजूने, खालच्या माळावरून सुरू करावी. वर इलिनॉय राज्याने १९१४ मध्ये उभारलेले संगमरवरी स्मारक आहे. त्याच्या मागे दक्षिणेचे मातीचे मोर्चे अजून ओळखू येतात. इथे बांधाला कोन आहे, आणि त्याच्या लगेच खालचा उतार वरच्या बंदुकांच्या माऱ्याबाहेर राहत होता. हल्ला फसल्यावर उत्तरेचे सैनिक तिथेच चिकटून राहिले. मिळेल त्याने माती उकरून त्यांनी आडोसा केला आणि शत्रूचा मोर्चा उडवण्यासाठी भुयार खणायला घेतले. भुयाराच्या तोंडाची जागा आजही दाखवतात. ती चढण चढून वर आल्यावर नातवाने मागे वळून पाहिले आणि विचारले, “आजोबा, लपायला जागाच नव्हती?”

त्याच दिवशी जवळच रान पेटले. उत्तरेचे जखमी आगीत सापडले. तेव्हा दक्षिणेकडून लढणाऱ्या आर्कान्सासच्या पलटणीचा कर्नल विल्यम मार्टिन याने गोळीबार थांबवायला लावला आणि शत्रूला त्याची माणसे उचलून न्यायला सांगितले. त्याचे सैनिकही मोर्चाबाहेर येऊन मदतीला धावले. मग लढाई पुन्हा सुरू झाली.

जमीन सुकल्यावर शर्मनने पुन्हा बगल दिली. २ जुलैच्या रात्री जॉन्स्टनला डोंगर सोडावा लागला, आणि २ सप्टेंबरला अटलांटा पडले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या नोव्हेंबरमधल्या फेरनिवडीला त्या विजयाने मोठे बळ दिले.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे, पाने रंगलेली असतात आणि उकाडा नसतो. डोंगरमाथ्याची मुख्य पायवाट साधारण मैलभराची, पण चांगली चढाची आहे. आजी-आजोबांनी पाणी आणि काठी सोबत ठेवावी. मातीच्या बांधांवर मुलांना चढू देऊ नये. दीडशे वर्षे टिकलेली ती माती पायांखाली झिजते.

आणि मुलांना तोफा दाखवताना युद्धाचे कारण सांगायला विसरू नये. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलामीत होती, आणि दक्षिणेची राज्ये ती गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघाली होती. दक्षिणेच्या मोर्चातला सैनिकही शूर होता, मार्टिनसारखा दयाळूही होता. तरी तो ज्यासाठी लढला ते अन्यायाचे होते. शौर्य आणि न्याय नेहमी एकाच बाजूला नसतात, हे दहा वर्षांच्या मुलाला समजते. ते त्याला वेळेवर सांगणे हे आपल्या पिढीचे काम आहे.