नोंदीची तारीख, मृत्यूची तारीख

१७ जून २०२० च्या सकाळी देशाच्या तक्त्यात चोवीस तासांतले कोरोनाचे मृत्यू २,००३ दिसले. आदल्या दिवशी ते ३८० होते. साथ एका रात्रीत पाचपट भडकली नव्हती. महाराष्ट्राने वेगवेगळ्या याद्या ताडून, नोंदवायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. त्यांतले ८६२ एकट्या मुंबईतले. दिल्लीचेही मागचे काही मृत्यू त्याच दिवशी जमेस आले.

असा उशीर दर वेळी लपवाछपवीमुळेच होतो असे नाही. रुग्ण एका जिल्ह्यातला, दगावतो दुसऱ्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात. चाचणीचा अहवाल नंतर येतो. मृत्यूचे कारण समिती तपासते. वॉर्ड भरलेला असताना कागद मागे पडणारच. पण मग कुठे खाटा वाढवायच्या, हा निर्णयही मागे पडतो.

बाधितांच्या आकड्याचेही तसेच. रविवारी चाचण्या कमी, म्हणून सोमवारी आकडा उतरतो आणि मंगळवारी बाजारात गर्दी! सात दिवसांची सरासरी काढली की हा चढउतार बराचसा गळून पडतो. चाचण्या किती झाल्या तेही पाहावे. १,००० चाचण्यांत १०० बाधित म्हणजे १० टक्के. ५०० चाचण्यांत ७५ म्हणजे १५ टक्के. आकडा घटला तरी हे लक्षण बरे नव्हे. निर्बंध सैल करण्याआधी हे प्रमाण १४ दिवस ५ टक्क्यांखाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचवले होते.

ते मागचे सगळे मृत्यू आपापल्या तारखेला मांडले, की आलेखावरचा १७ जूनचा सुळका नाहीसा होतो. उंच होतात ते त्याआधीचे आठवडे.