जुन्या व्हॅनचे आयुष्य किती?



जुनी गाडी घ्यावयास निघालेल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न असतो तो हा, की "ही अजून किती वर्षे चालेल?" प्रश्न दिसावयास साधा आहे. पण ज्या घरात गाडी ही हौसेची वस्तू नसून पोटापाण्याचे साधन असते, शाळेची मुले पोहोचविणे, मंडईतून भाजी आणणे, लग्नकार्याची भांडी वाहणे यांवर जिथे महिन्याचा मेळ बसावयाचा असतो, तिथे कित्येक वर्षांची शिल्लक या एका प्रश्नावर लागलेली असते. यास्तव त्याचा थोडा शास्त्रीय विचार करणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या ओळखीची गाडी घेऊ. मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली आणि पुढे 'ओम्नी' या नावाने घरोघर माहीत झाली. तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन पुढच्या आसनांखाली, सरकते दरवाजे, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, अशी तिची साधी रचना. २०१९ साली सुरक्षिततेचे नवे नियम लागू झाले आणि तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज बाजारात मिळणारी प्रत्येक ओम्नी ही वापरलेलीच असणार. तिच्या आयुष्याचा हिशेब कसा मांडावयाचा?

गाडी ही एक वस्तू आहे असे आपण समजतो, आणि चूक होते ती इथेच. गाडी म्हणजे एक एकत्र कुटुंब आहे. त्यात दोन वर्षे जगणारी माणसे आहेत, दहा वर्षे जगणारी आहेत आणि पंचवीस वर्षे जगणारीही आहेत. त्यांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग झिजून जाणाऱ्यांचा : ब्रेकचे लायनर, क्लचप्लेट, टायर, बॅटरी, पट्टे. हे भाग झिजण्यासाठीच असतात; ते बदलावे लागले म्हणून गाडी म्हातारी झाली असे होत नाही. दुसरा वर्ग दुरुस्त होणाऱ्यांचा : इंजिन आणि गिअरबॉक्स. यांचे काम एकदा काढले, की ती पुन्हा उमेदीने चालतात. तिसरा वर्ग मात्र बदलता न येणाऱ्यांचा, आणि तो म्हणजे गाडीचा सांगाडा, तळ व पत्रा. गाडीचे खरे आयुष्य या तिसऱ्या वर्गाच्या आयुष्याएवढे असते. गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहते आणि काळ मात्र पायाखालचा पत्रा खात असतो!

इंजिनाचे आरोग्य तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे ऑइल. बैलगाडीच्या आखाला वंगण का घालतात हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. इंजिनातले ऑइलही दोन धातूंमध्ये पातळ पडदा धरून त्यांची गाठ पडू देत नाही. पण इंजिनात इंधन जळते, त्याची काजळी, आम्ले आणि पाण्याची वाफ या ऑइलात उतरते. लांबच्या प्रवासात ऑइल चांगले तापते आणि वाफ उडून जाते. घर ते शाळा, शाळा ते घर अशा दोन-दोन किलोमीटरांच्या खेपांत ते पुरते तापतच नाही आणि पाणी आतच राहते. म्हणून थोडे धावणाऱ्या गाडीचे ऑइलही मुदतीवर बदलावयाचे असते. जुन्या गाडीला पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांतले जे आधी येईल ते धरावे.

दुसरी गोष्ट पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार आतल्या वाटा बुजवितात आणि धातूला गंज चढवितात. म्हणून त्यात योग्य प्रमाणात कूलंट हवे. इंजिन एकदा भयंकर तापले, तर सिलिंडरवरचे हेड वाकते आणि मग शंभर रुपयांच्या होसपाइपपायी हजारोंचे काम निघते. तिसरी गोष्ट टायमिंगचा पट्टा. तो रबराचा असतो, बाहेरून धडधाकट दिसतो आणि तुटतो तेव्हा पूर्वसूचना न देता तुटतो. तो पुस्तिकेतील मुदतीने बदलावा. तहान लागल्यावर विहीर खणणे जितके शहाणपणाचे, तितकेच पट्टा तुटल्यावर तो बदलणे!

काही भाग किलोमीटरांनी म्हातारे होत नाहीत, वर्षांनी होतात. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. असे तेल उतारावर तापले की त्यात वाफ होते आणि पाय पोकळीत बुडावा तसा ब्रेक खाली जातो. दर दोन वर्षांनी ते बदलणे हा खर्च नव्हे, विमा आहे. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा हे आकडे अधिक खरे बोलतात.

आता त्या तिसऱ्या वर्गाकडे, पत्र्याकडे वळू. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरणारच. त्यात समुद्राचे मीठ मिसळले की तो दौडत येतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी आणि रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेली गाडी एकाच वर्षाच्या असल्या तरी समवयस्क नव्हेत. व्हॅन घेताना सतरंज्या उचलून तळ पाहावा, सरकत्या दाराची खालची पट्टी पाहावी, चाकांवरच्या कमानी व पाटे जिथे अडकविले आहेत ती जागा बोटांनी दाबून पाहावी. नव्या रंगाखाली फुगवटे दिसले, तर समजावे की आजार झाकला आहे, बरा केलेला नाही. पावसाळ्यानंतर खालचा चिखल धुऊन काढणे आणि खालून गंजरोधक लेप देणे, हीच यावरची खरी उपाययोजना.

किलोमीटरच्या काट्यावर फार विसंबू नये. काटा मागे फिरविता येतो. पेडलचे रबर, आसनाची बैठक आणि दुरुस्तीच्या पावत्या पाहाव्यात. सकाळी इंजिन गार असताना ते चालू करण्यास सांगावे. निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे, काळा निघाला तर इंधन जादा जात आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल तर पाणी आत झिरपत आहे.

निगा किती दूर नेऊ शकते? अमेरिकेतील आयर्व्ह गॉर्डन या शिक्षकाने १९६६ साली एक व्होल्व्हो मोटार घेतली आणि २०१३ साली तिने तीस लाख मैल पुरे केले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर! त्याने काही जादू केली नव्हती. पुस्तिकेत सांगितलेले काम मुदतीवर करीत गेला, एवढेच. आपली व्हॅन रोज चाळीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस धावली, तर वीस वर्षांत दोन लाख चाळीस हजार होतात. एकदा इंजिनाचे काम काढण्याची तयारी ठेवली आणि सांगाडा निरोगी राखला, तर हा पल्ला अवघड नाही. शिवाय हेच इंजिन 'मारुती ८००' मोटारीतही होते, त्यामुळे त्याचे काम जाणणारे कारागीर गावोगाव आहेत.

परंतु किती काळ चालेल आणि किती काळ चालवावी, हे दोन निराळे प्रश्न आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची धरली आहे. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. ही तपासणी कटकट म्हणून उरकू नये. आणि आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उत्तम निगेने गाडीचे आयुष्य वाढते, पण तिच्या रचनेत नसलेली सुरक्षितता वाढत नाही. ओम्नीत चालकाच्या गुडघ्यांपुढे इंजिन नाही. समोरून धडक बसली तर ती झेलावयास मधे फारसे काही नाही. यास्तव तिने गावातली, सावकाशीची कामे करावीत. भरधाव महामार्गाची अपेक्षा तिच्याकडून करू नये. शाळेच्या मुलांसाठी ती वापरावयाची असेल, तर परवान्याचे नियम आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावेत आणि आसनांपेक्षा एकही मूल अधिक बसवू नये.

मग शेवटी उत्तर काय? एक अगदी थोड्या किमतीची गोष्ट सांगतो, म्हणजे एक वही! तीत ऑइल, पट्टा, ब्रेक, टायर यांच्या तारखा आणि खर्च लिहून ठेवावा. वर्षाचा दुरुस्तीखर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहावा. खर्च झिजणाऱ्या भागांवर होत असेल, तर निःशंकपणे करीत राहावे. सांगाड्यावर ठिगळामागून ठिगळ लावण्याची पाळी आली, की मात्र मोह सोडून गाडीला निरोप द्यावा. जुन्या व्हॅनचे आयुष्य किती, याचे उत्तर निम्मे विकणाऱ्याच्या अंगणात तळ तपासताना मिळते, आणि उरलेले निम्मे आपण स्वतः त्या वहीत लिहीत असतो.