अनुभवाचा शास्त्रलेख कसा होतो?

वैद्यकावरील व्याख्यान म्हटले की आहार, व्यायाम, रक्तदाब यांविषयी चार उपयुक्त गोष्टी ऐकावयास मिळतील, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. डॉक्टराला रोग्याच्या उशाशी एखादी नवी गोष्ट दिसली, तर तिचा लेख कसा सिद्ध होतो आणि तो वैद्यकीय नियतकालिकाकडे कसा जातो, हे आम्ही सांगणार आहोत. हा केवळ डॉक्टरांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. डॉक्टर आपल्याला जे औषध लिहून देतात, त्यामागे बहुधा असे कित्येक लेख उभे असतात. लेख खोटा निघाला तर त्याची किंमत रोग्यालाच मोजावी लागते.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. कोकणात तांबडा विंचू चावला की वेदनेपेक्षा भय हृदयाचे व फुफ्फुसांचे असते. त्या विषाने शरीरातील उत्तेजक द्रव्ये एकाएकी रक्तात उसळतात, हृदयावर ताण पडतो, फुफ्फुसांत पाणी भरते आणि धडधाकट माणूस दगावू शकतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रोगी बारकाईने पाहिले. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही धोक्याची पूर्वसूचना असते, असे त्यांना आढळले. ती निरीक्षणे 1982 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर कसे उपयोगी पडते, ते 1986 साली त्याच नियतकालिकात मांडले. 1823 पासून चालत आलेल्या त्या पत्राने लेखकाच्या दवाखान्याचा पत्ता पाहिला नाही, पुरावा पाहिला. हेच ज्ञान महाडच्या चार भिंतींत राहिले असते, तर ते दुसऱ्या तालुक्यातील डॉक्टरालाही कळले नसते.

लेखाची तयारी लेखणी हाती घेण्याच्या फार आधी सुरू होते. आमचा स्वतःचा पहिला लेख साभार परत आला, त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. एका औषधाने बरे झालेल्या रोग्यांची यादी आम्ही मोठ्या हौसेने केली होती. संपादकांनी एकच प्रश्न विचारला: औषध एकूण किती जणांना दिले? आमच्यापाशी उत्तर नव्हते. बरे न झालेले रोगी पुन्हा आलेच नव्हते आणि आम्ही त्यांची नोंद ठेवली नव्हती. जमा तेवढी मांडावी आणि खर्च गाळावा, अशातला तो प्रकार! कोणताही दुकानदार अशा रोजमेळावर विश्वास ठेवणार नाही. मग शास्त्राने का ठेवावा?

नोंदी पक्क्या झाल्या की लेखाची मांडणी ठरीव असते. आम्ही हा प्रश्न का हाती घेतला, ही प्रस्तावना. काय केले, ही पद्धती. काय आढळले, हे निष्कर्ष. त्याचा अर्थ काय, ही चर्चा. यांत सर्वांत महत्त्वाचा भाग पद्धतीचा. तो वाचून दुसऱ्या गावच्या अनोळखी डॉक्टराला तोच प्रयोग करता आला पाहिजे. निष्कर्षांत स्वतःचे मत मिसळावयाचे नाही आणि चर्चेत उणिवा झाकावयाच्या नाहीत.

याचा उत्तम नमुना बावस्करांच्याच 2011 सालच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेखात सापडतो. विंचूदंशाच्या 70 रोग्यांचे चिठ्ठीसारख्या यादृच्छिक पद्धतीने 35-35 चे दोन गट केले. एकाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन व विंचवाची प्रतिलस. दहा तासांनी पहिल्या गटात 8, तर दुसऱ्यात 32 रोगी पूर्ण लक्षणमुक्त झाले होते. कोणाला काय दिले हे झाकलेले नव्हते, ही मर्यादा त्यांनी शीर्षकातच नमूद केली. ज्या औषधाने त्यांचे नाव झाले, ते एकटे कमी पडते हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. शास्त्रलेखाची नीती ती हीच.

आता लेख पाठविण्याविषयी. 1978 साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही संपादक एकत्र जमले व त्यांनी हस्तलिखितासाठी समान नियम केले. ते वेळोवेळी सुधारले जाऊन आजही चालतात. एका वेळी लेख एकाच नियतकालिकाकडे पाठवावयाचा. ज्याने खरोखर काम केले व जो लेखाची जबाबदारी घेतो, तोच लेखक. वरिष्ठ म्हणून कोणाचे नाव घालावयाचे नाही. औषध कंपनीकडून पैसा घेतला असेल तर तसे सांगावयाचे. रोग्याची संमती व नीतिसमितीची मान्यता हवी. औषधाची चाचणी असेल तर पहिला रोगी घेण्यापूर्वीच तिची नोंदणी हवी. आपल्याकडे त्यासाठी 2007 पासून राष्ट्रीय नोंदवही आहे. म्हणजे निकाल नावडता निघाला तरी प्रयोग गुपचूप पुरून टाकता येत नाही.

संपादकाला लेख विचारार्ह वाटला तर तो त्या विषयाच्या जाणत्यांकडे परीक्षणासाठी जातो. ते शंका काढतात. लेखकाने प्रत्येक शंकेचे मुद्देसूद उत्तर द्यावे, राग धरू नये. नकार आला तरी परीक्षकांचे शेरे हाती असतात. त्यांनुसार लेख सुधारून तो दुसरीकडे पाठविता येतो. मात्र पैसे घेऊन परीक्षणावाचून काहीही छापणारी दुकानेही आज निघाली आहेत. त्यांच्यापासून दूर राहावे.

ही चाळणी निर्दोष आहे काय? नाही. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसीचा आत्ममग्नतेशी संबंध सुचविणारा, अवघ्या 12 मुलांवरील लेख 1998 साली त्याच ‘लॅन्सेट’ने छापला, तो मागे घेतला गेला 2010 साली. मधल्या बारा वर्षांत कित्येक आईबापांनी भयाने लस टाळली. चूक उघडी पडली, पण उशिरा.

म्हणून श्रोतेहो, उद्या कोणी ‘अमक्या औषधाने हजारो बरे झाले’ असे सांगितले, तर भांडू नका. शांतपणे तो संपादकांचा प्रश्न विचारा: औषध एकूण किती जणांना दिले? आम्हाला तो प्रश्न एका परत आलेल्या लेखाने शिकविला. तुम्हाला तो एका व्याख्यानाच्या मोलात मिळाला आहे.